आडवी चकती

उमरग्याच्या नाक्यावर एस.टी.तून उतरल्या उतरल्या शिवशरणनं आधी छातीवरचा खिसा चाचपला. आगपेटी जागेवर होती. आगपेटीत कापूस आणि कापसात एक चकती, जुन्या पावलीएवढी, करड्या रंगाची, आरशासारखी गुळगुळीत. मुंबईहून सोलापूरपर्यंत आगगाडीत आणि तिथून इथवर धुळीतून त्यानं ती जपत आणली होती, माहेरवाशीण आईनं दिलेलं विरजण जपत नेते तशी.

चैत्र होता. सोलापूर-हैदराबाद सडकेचं डांबर उन्हानं पाघळलं होतं आणि ट्रकांच्या चाकांना चिकटून चरचरत होतं. शिवशरणला एकच वाक्य सांगायचं होतं. ‘चाचा, तो दोष तुमच्या हाताचा नव्हता.’ एवढंच. दोन वर्षं ते वाक्य त्याच्या जिभेवर बसून होतं आणि दोन वर्षं तो पाणी पिऊन ते गिळत होता.

“लालमहंमद शिकलगार कुठं बसतात हो?” त्यानं चहावाल्याला विचारलं.

“शिकलगार?” चहावाला हसला. “शिकलगार गेला आता पाव्हनं. लालूचाचा हाय, तो तिकडं महेबूबच्या पंक्चरच्या दुकानात रबर घाशीत बसतोय बघा.”

 शिवशरणनं तिकडं बघितलं आणि पिशवी खांद्याला लावली.

लालमहंमद शिकलगाराचा हात त्या भागात कोणाला माहीत नव्हता असं नाही. निजामाच्या राज्यात त्यानं तलवारी उजळल्या होत्या. पोलिस अ‍ॅक्शननंतर तलवारी गेल्या. उरले विळे, अडकित्ते, कात्र्या आणि न्हाव्यांचे वस्तरे. पण हात तोच. घराच्या अंगणात साण मांडलेली असायची, दोन खुंटांवर फिरणारं दगडी चाक. रजियाचाची समोर बसून चाकाची वादी ओढायची, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं, आणि ओढीच्या ठेक्यावर गायची.

‘साणीच्या चाकावर पाणी पडतं थेंब थेंब
माझ्या मालकाच्या हाती लोखंडाला फुटं कोंब’

पातं उजळलं की लालूचाचा ते उन्हात धरायचा आणि आडवं फिरवायचा. “उभं धरलं की पातं लबाडी करतं,” तो म्हणायचा. “उजेडाच्या आडवं धरावं. मंग समदं कबूल करतं.” नंतर अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक पात्यावरून असं न्यायचा, जसं झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून न्यावं. शेवटचे सगळे हात एकाच दिशेनं मारायचे, हा त्याच्या घराण्याचा नेम. आणि ते हात जिकडं गेले त्या बाजूला कडेवर एक बारीक खाच पाडायची. ती त्याची खूण. खूण पडली की त्या पात्याचं बरंवाईट त्याच्या नावावर.

शिवशरण त्याच गल्लीतला. हैदराबादेत शिकला, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लागला. तिथं जर्मेनियम नावाच्या पदार्थावर काम चालायचं. धड धातू नाही, धड दगड नाही, वीज अर्धीमुर्धी वाहू देणारा. ट्रांझिस्टर रेडिओच्या पोटात त्याचाच कण असतो. शिवशरणचं काम असं की त्याची पातळ चकती काढायची, ती आरशासारखी उजळायची, मग हवा काढून घेतलेल्या लोखंडी पेटीत ठेवायची आणि तिच्यावर तिरका मारा करायचा. मारा कशाचा, तर आर्गॉन वायूच्या अणूंचा. अणूला वीज चिकटली की त्याला आयन म्हणतात. आयनांना ढकलता येतं, एका झोतात सोडता येतं. हा झोत चकतीवर पडला की वरचे अणू उडून जातात, आणि पृष्ठभाग कोणत्याही हातानं होणार नाही इतका स्वच्छ निघतो, असा सगळ्यांचा समज होता.

पण आधी चकती चांगली उजळायला तर हवी. प्रयोगशाळेतल्या माणसांच्या हातून ती उजळेना. तेव्हा शिवशरणला अंगणातली साण आठवली. एकसष्ट साली त्यानं लालूचाचाला मुंबईला नेलं.

चाचानं चकती पहिल्यांदा हातात घेतली, वास घेतला, नखानं वाजवली. म्हणाला, “शरणाप्पा, ही तर कांद्याच्या पातीपरीस नाजूक हाय की रं. हिला साण न्हाय चालायची. हिला लाडीगोडी लावावी लागंल.” महिनाभरात त्यानं रेशमाची चिंधी, बारीक भुकटी आणि पाण्याचा थेंब यांच्यावर असं काम काढलं की विभागप्रमुख स्वतः येऊन बघून गेले. प्रत्येक चकतीच्या कडेला एक बारीक खाच. शेवटचा हात जिकडं गेला त्या बाजूला.

शिवशरणला ती खाच फार सोयीची वाटली. चकती गोल, तिला ना डोकं ना पाय; पेटीत ती कशी लावली हे वहीत लिहायचं तर काही खूण हवी. म्हणून तो दर वेळी खाच झोताच्या दिशेला धरून चकती बसवायचा. दर वेळी तशीच. एकदाही वेगळी नाही.

बासष्टच्या दिवाळीनंतर नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. मारा झालेल्या चकतीच्या पृष्ठभागाचा पहिला फोटो निघाला आणि शिवशरणनं तो दिव्याखाली नेला. आरसा म्हणत होते त्याच्यावर रेघाच रेघा. केसाच्या जाडीत हजारभर मावतील इतक्या बारीक, शेजारी शेजारी, सगळ्या एका दिशेला. आणि ती दिशा खाचेची.

“हा तुमच्या माणसाचा हात,” विभागप्रमुख म्हणाले. “मारा केल्यावर त्याचे ओरखडे उघडे पडले. दुसरं काय असणार?”

शिवशरणनं दहा चकत्या काढून बघितल्या. दहाही चकत्यांवर रेघा खाचेच्या दिशेनं. त्यानं मान हलवली आणि वहीत लिहिलं, ‘दोष उजाळणीचा.’

त्या दिवशी दुपारी त्यानं चाचाला सांगितलं. फोटो दाखवला नाही. चाचाला त्यातलं काय कळणार, असं त्याला वाटलं. चाचानं हातातली रेशमाची चिंधी खाली ठेवली.

“माझ्या खुणंच्याच दिशेनं हायत?”

“सगळ्या.”

“समद्या?”

“दहाच्या दहा, चाचा.”

चाचानं चिंधीची घडी घातली. मग म्हणाला, “येकडाव आडवी लावून बघ की, शरणाप्पा. खूण आडवी करून लाव. पातं आडवं धरल्याबिगर म्या कदी कुनाचा दोष काडला न्हाय.”

चकती आडवी लावायची म्हणजे पेटी उघडायची, आणि पेटी उघडली की आतली हवा पुन्हा काढायला अख्खा दिवस आणि वर रात्र. आठवड्यानं पाहुणे येणार होते. विभागप्रमुखांना त्यांच्यासाठी पेटी तयार हवी होती. शिवशरणच्या डोक्यात तेवढंच होतं.

“चाचा, यंत्र काय साण आहे का, उचललं आणि फिरवलं?”

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्याला त्यात काही वाटलंही नव्हतं. चाचाचा चेहरा मात्र पाणी ओसरलेल्या आडासारखा झाला.

“व्हय सायेब,” तो म्हणाला.

जन्मापासून शरणाप्पा म्हणणारा माणूस त्याला पहिल्यांदा सायेब म्हणाला. संध्याकाळी त्यानं ट्रंक बांधली. कोणी जा म्हटलं नव्हतं. “खूण माझी, तर दोष बी माझा,” एवढं बोलून तो निघून गेला.

आणि त्रेसष्टच्या श्रावणात चाचाची मागं राहिलेली शेवटची चकती शिवशरणनं पेटीत बसवली. कपाटात पडून तिची कड एका जागी टवकली होती. घाईत त्यानं तो टवकाच खाच समजून झोताकडं धरला. फोटो निघाला. रेघा होत्याच. झोताच्या दिशेनं सरळ. त्यानं चकती बाहेर काढून भिंगाखाली धरली, तर खरी खाच दुसऱ्याच बाजूला. रेघा खाचेला आडव्या गेल्या होत्या.

तो तिथंच स्टुलावर बसला. मग त्यानं एक चकती उभी लावली, एक आडवी, एक तिरपी. लोकांनी उजळलेल्या लावल्या, परदेशातून आलेल्या लावल्या. रेघा खाच बघत नव्हत्या की उजळणारा बघत नव्हत्या. झोत जिकडून यायचा तिकडं बघूनच त्या उठायच्या. कोणी काढलेल्या नव्हत्या त्या. झोत अणू खणून नेत होता, उरलेले अणू घरंगळून खळगे भरत होते, आणि त्या खणण्या-भरण्यात पृष्ठभाग आपला आपणच रांगेत बसत होता. तुळजापूरकडच्या उन्हाळी नदीत वाळूवर वारा पन्हाळी उठवतो, कोणी नांगर धरलेला नसताना, तसं काहीसं. असं का होतं हे त्यालाही पुरतं उमगलं नव्हतं.

त्याच दिवशी पत्र टाकायला हवं होतं. पण आधी खात्री, मग लेख, मग माणूस, असा त्यानं क्रम लावला. लेख लिहून होतोय तोवर परदेशी मासिकाचा जुना अंक हाती आला. काचेवर आयनांचा मारा करून तशाच रेघा कोणीतरी बासष्टमध्येच बघितल्या होत्या आणि छापल्या होत्या. बासष्टमध्ये, चाचा आडवी लाव म्हणत होता त्या साली. शिवशरणनं लेख खणात टाकला, आणि पत्र लिहायचं राहूनच गेलं. चाचापुढं कुठल्या तोंडानं जायचं, या विचारात आणखी दोन दिवाळ्या गेल्या.

महेबूबचं दुकान म्हणजे चार बांबू आणि वर पत्रा. लालूचाचा पोत्यावर बसला होता. समोर ट्रकची ट्यूब, हातात कानस. दाढी पांढरी झाली होती. तो ट्यूबवर कानस घासत होता, खर्र खर्र, आणि काळी भुकटी त्याच्या मांडीवर पडत होती. शेजारी ट्रकचा ड्रायव्हर मल्लिनाथ खाटेवर आडवा होऊन त्याला चिडवत होता.

“चाचा, किती घासशीला? ट्यूब हाय का नवरीचं गाल?”

“नवरीच्या गालावर कानस फिरवली तर सासरा पळवून लावंल,” चाचा मान वर न करता म्हणाला. “रबराला ओरखडा पाडल्याबिगर ठिगळ धरत न्हाय, मल्लू. तू झोप.”

शिवशरण पुढं झाला. “चाचा.”

चाचानं डोळे बारीक करून बघितलं. ओळख पटायला वेळ लागला नाही. पटल्यावर काय करायचं याला लागला. त्यानं पोत्याची एक बाजू हातानं झटकली. “या सायेब. बसा. कपडे खराब व्हतील, जपून.” मग मागं हाक दिली, “अगं, कोण आलंय बघ. बसवाप्पाचा शिवशरण आलाय. पानी आण.”

दुकानामागच्या खोलीतून रजियाचाची तांब्या घेऊन आली. तिनं शिवशरणला बघून पदर सावरला, बरं हाय का विचारलं, त्याच्याकडं मुंबईला असलेल्या आईचं विचारलं. पण तांब्या हातात देताना तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही.

“बारीक झालास,” ती म्हणाली. “मुंबईचं पानी मानवत न्हाय वाटतं कुनालाच.”

शिवशरण पाणी प्यायला. मग वाक्य बाहेर काढलं. जसं घोकलं होतं तसं आलं नाही, तुटक तुटक आलं. “चाचा, ते ओरखडे तुमचे नव्हते. तुमचा हात चुकला नव्हता. माझं चुकलं.”

कानस थांबली.

त्यानं पिशवीतून फोटो काढले आणि चाचाच्या मांडीवर ठेवले. पंचवीस हजार पटींनी मोठा केलेला जर्मेनियमचा पृष्ठभाग. चाचानं हात धोतराला पुसले, फोटो उचलला, उन्हात नेला आणि सवयीनं आडवा धरला.

 मग त्याचं बोट एका रेघेवरून चालत गेलं आणि एका जागी थांबलं.

“ही रेघ बगितली का?” तो हळू म्हणाला. “हितं दोन रेघा येक झाल्या. आन् हितं येकीच्या दोन. ओरखडा कदी ओरखड्याला मिळतो का? ओरखडा वरनं जातो, दुसऱ्याला कापून. आन् ह्या बगा, कशा सारक्या सारक्या अंतरावर हायत. मानसाचा हात असा चालतच न्हाय, सायेब. हे वाऱ्याचं काम. वाळूवर वारं जातं तसं.” त्यानं फोटो खाली केला. “हा कवाचा फोटो?”

“हा नवा आहे.”

“मुंबईत असताना जो काडला व्हता, तो बी असाच व्हता?”

शिवशरणला मान हलवावी लागली.

“मंग मला दाकवायचा की.” चाचाच्या आवाजात राग नव्हता. कुणी उंबऱ्यावरची चप्पल बाजूला सरकवावी इतक्या साध्या सुरात तो म्हणाला. “येक डाव दाकवला असता तर म्या तिथंच सांगितलं असतं.”

मल्लिनाथ खाटेवर उठून बसला होता. त्याला काही कळलं नव्हतं, पण चेष्टा करायची वेळ नाही एवढं कळलं होतं.

“आडवी लावली का मंग?” चाचानं विचारलं.

“लावली. तुम्ही म्हणाला होता तशी. रेघा तुमच्या खुणेला आडव्या निघाल्या.”

“कवा?”

हा प्रश्न येणार हे शिवशरणला सोलापूरपासून माहीत होतं. “त्रेसष्टच्या श्रावणात.”

चाचानं रजियाचाचीकडं बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं नजर वळवली, आणि ती नजर जिथं गेली तिकडं शिवशरणचीही गेली. खोलीच्या बाजूला न्हाणीपाशी धुण्याचा दगड होता. अर्धा गोल. सरळ बाजू तुटलेली, गोल बाजू घोटून घोटून तुकतुकीत. मधोमध अर्धं भोक.

“त्या श्रावणात साण घरात व्हती,” रजियाचाची म्हणाली. “पुढल्या संक्रांतीला फोडली ह्यांनी.”

“विकायची तर?” शिवशरणच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर त्याला लाज वाटली.

“हात गेलेल्याची साण दुसऱ्याला द्यायची नसती, सायेब. आमच्यात तसं न्हाय.” चाचा गुडघ्यावरची काळी भुकटी झटकू लागला. “मुंबईहून आलो तवा ज्ञानोबा न्हाव्यानं वस्तरा आणला. म्या त्याला सांगितलं, बाबा, माज्या हाताला कसर आलीय, मोठ्या यंत्रात दिसलीय. लोकाच्या गळ्यावर फिरनारं पातं म्या आता धरायचा न्हाय. तो म्हनला, मला तर कसर दिसत न्हाय. म्या म्हनलो, तुला कशी दिसंल, तुज्याकडं यंत्र न्हाय. वरीसभर वाट बगितली, हात परत यील म्हनून. रोज साणीपुढं बसायचो. पातं फिरवायचो, उजेडाला धरायचो. मला काय बी दिसंना. मंग वाटलं, नजर बी गेली.”

“वादी म्या ओडायची,” रजियाचाची म्हणाली. “गळ्यातनं गानं निघायचं न्हाय. साण गप फिरायची.”

शिवशरणनं खिशातून आगपेटी काढली, कापूस बाजूला केला आणि चकती चाचाच्या तळहातावर ठेवली. “तुमची शेवटची. हिनंच सांगितलं.”

चाचानं ती उन्हात धरली. पत्र्याच्या खाली पाण्यासारखा एक कवडसा हलला. मग त्याचं बोट तिच्यावरून गेलं, तसंच, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून जावं तसं. आणि परत गेलं. तिसऱ्यांदा गेलं. त्यानं बोटाचं टोक डोळ्यांजवळ नेलं. कानशीनं आणि रबराच्या चिकट सोल्यूशननं ते जाड, काळं, भेगाळलेलं झालं होतं.

“आता कळत न्हाय,” तो म्हणाला. “आता खरंच कळत न्हाय.”

शिवशरणला बोलायचं होतं. मुंबईला चला म्हणायचं होतं, नवी साण करून देतो म्हणायचं होतं, वहीतलं ते पान फाडलंय म्हणायचं होतं, जे त्यानं फाडलं नव्हतं. त्यानं फोटो गोळा करून पिशवीत टाकले.

“ठेवा ही,” चाचानं चकती त्याच्या हातात परत दिली. “हितं रबराच्या भुकटीत मळंल. आन् सायेब, आलात ते बरं केलंत. मल्लू, तुजी ट्यूब झाली की रं, मला गप्पा काय लावतोस?”

“म्या कवा लावल्या?” मल्लिनाथ पुटपुटला.

चाचानं शेवटचे चार हात कानस एकाच दिशेनं ओढली. सोल्यूशन लावलं, फुंकर घातली, ठिगळ बसवलं, आणि मुठीनं चेपून चेपून घट्ट केलं. शिवशरणचे डोळे नकळत ठिगळाच्या कडेवर गेले. तिथं काही नव्हतं.

“काय बगता?” चाचानं विचारलं.

“खूण.”

चाचा ट्यूब गुंडाळत होता.  “खुणंनंच तर मला धरून दिलं, सायेब,” तो म्हणाला आणि ट्यूब मल्लिनाथकडं फेकली.

परतीची एस.टी. चारला होती. रजियाचाचीनं भाकरी बांधून दिली, नको म्हणता म्हणता दिली. शिवशरण खिडकीपाशी बसला. गाडी सुटताना त्याला दुकान दिसलं; चाचानं दुसरी ट्यूब मांडीवर घेतली होती. कानशीचा आवाज काही गाडीच्या आवाजात ऐकू येत नव्हता. मागं न्हाणीपाशी रजियाचाची अर्ध्या साणीवर धुणं आपटत होती.

आगपेटीतली चकती त्यानं तळव्यात घेतली आणि अंगठ्यानं कडेवरची खाच शोधत राहिला. टवका होता तिथं दोनदा थांबला. तिसऱ्यांदा खरी खाच लागली.